गच्चीवरचा हॉर्न अँटेना आणि शंभर शब्दांचा परिचय

८ डिसेंबर

अर्ज भरला. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला प्रदर्शनात काय मांडणार, या रकान्यात सांगलीने लिहिलं: 'आकाशगंगेतल्या हायड्रोजनची २१ सेंटिमीटरची रेषा, स्वतः बनवलेल्या अँटेनाने.' (आकाशातला हायड्रोजन २१ सेंटिमीटर लांबीची रेडिओ लाट सोडतो; रिसीव्हरच्या आलेखात ती रेघेसारखी दिसते, म्हणून रेषा.) लिहून तो मोकळा झाला. त्याखालचा रकाना, 'संघातील सदस्यांचा परिचय, शंभर शब्द', माझ्या गळ्यात पडला. कारण काय, तर मोबाइलवर मराठी टाइप करायला मला वेळ लागत नाही.

त्या रकान्याचं कच्चं काम म्हणून या नोंदी ठेवतोय. पुण्यात आणखी कुणाला हाच उद्योग करायचा असेल तर कामी येतील, म्हणून खर्च, दुकानं आणि फसलेलं सगळं लिहितो.

आमच्यात दोघांचं नाव एकच, आणि तिसऱ्याचं आडनाव तेच. त्यामुळे पहिल्या आठवड्यातच सगळे गावाच्या नावावर आले. आजची माहिती अशी. सांगली: एम.एस्सी. भौतिकशास्त्र, दुसरं वर्ष. अकोला: कॉम्प्युटर सायन्स. चिपळूण: इलेक्ट्रॉनिक सायन्स. कोथरूड: संख्याशास्त्र, आमच्यातला एकुलता एक पुणेकर. नांदेड: बी.एस्सी. पहिलं वर्ष, सगळ्यांना दादा-ताई करतो. मी नारायणगाव. अकोला आणि चिपळूण मुली, बाकीचे आम्ही मुलगे. मार्गदर्शक मॅडम.

झाले की शंभर शब्द. पण वाचून कोण काय करतं हे कळत नाही. खरं तर आज ते आम्हालाही माहीत नाही.

१४ डिसेंबर

डिश की हॉर्न यावर पहिली बैठक. नांदेडचं म्हणणं, टीव्हीची छत्री भंगारात फुकट मिळते. पण ती साठ सेंटिमीटरची आणि आपल्याला पकडायची लाटच २१ सेंटिमीटरची. तिच्यासाठी ही तबकडी फारच लहान. हॉर्न म्हणजे सरळ चार बाजूंचं मोठं नरसाळं. ते पुठ्ठ्याचं असलं तरी आतून धातू लावला की भागतं. १९५१ साली हार्वर्डमध्ये युएन आणि पर्सेल यांनी ही रेषा पहिल्यांदा पकडली ती अशाच हॉर्नने, प्लायवूडला आतून तांबं लावून. खिडकीबाहेर ठेवलेल्या त्या हॉर्नमधून पावसाचं पाणी प्रयोगशाळेत यायचं आणि येणारी-जाणारी पोरं त्यात बर्फाचे गोळे टाकायची, असा किस्सा सांगलीने ऐकवला. चिपळूणने लगेच विचारलं, "मग पावसाळ्यात आपण काय करायचं?" सगळे हसले. उत्तर कुणी दिलं नाही.

कामाची वाटणी झाली. गणित सांगलीकडे, सोल्डरिंग चिपळूणकडे, सॉफ्टवेअर अकोलाकडे. कोथरूडकडे दुचाकी आहे, म्हणून खरेदी त्याच्याकडे. नांदेडकडे 'मदत'. वर्गणी प्रत्येकी दोन हजार, नांदेडला हजार.

२१ डिसेंबर

हॉर्नच्या मुळाशी एक चौकोनी धातूचा डबा लागतो. हॉर्नने गोळा केलेली लाट त्यात शिरते आणि आतली तांब्याची तार ती उचलते. नांदेडने मेसमधून तेलाचा पंधरा किलोचा रिकामा डबा आणला. फुकट, मजबूत, चौकोनी. मावशींनी तो दोनदा राखेने घासून दिला होता. आम्ही खूश होऊन भोक पाडून कनेक्टरही बसवला.

संध्याकाळी सांगली वही घेऊन आला. डब्याची रुंदी निम्म्या तरंगलांबीपेक्षा, म्हणजे १०.६ सेंटिमीटरपेक्षा, जास्त हवी. नाहीतर लाट आत शिरतच नाही. आणि पूर्ण तरंगलांबीपेक्षा, २१.१ पेक्षा, कमी हवी; नाहीतर लाट आत एकापेक्षा जास्त तऱ्हांनी चालते आणि तारेला काय मिळेल याचा भरवसा राहत नाही. तेलाचा डबा साडेतेवीस. शिवाय चारही बाजू सारख्या, म्हणजे दोन्ही दिशांनी तोच घोळ. डबा बाद. आता त्यात गच्चीवरच्या वायरी ठेवतो.

हे त्याने सकाळी का नाही सांगितलं? कारण सकाळी कुणी विचारलं नाही. सांगलीची ही खोड लक्षात ठेवायची: उत्तर त्याच्याकडे असतं, पण प्रश्न तुम्ही आणायचा. परिचयात हे कसं बसवायचं ते बघू.

२८ डिसेंबर

बोहरी आळी. इथे कोथरूड कामाला आला. आम्ही चौघं त्याच्यामागे फिरत होतो आणि तो प्रत्येक दुकानात आधी पाच मिनिटं गप्पा मारत होता. शेवटी पत्र्याचे डबे वळणाऱ्या एका चाचांकडे नेलं. गॅल्व्हनाइज्ड पत्रा, आतून १७ सेंटिमीटर रुंद, १० उंच. चाचांनी मनातल्या मनात इंचात केलं: पावणेसात बाय चार. "झाकण?" झाकण नको, एक तोंड उघडं. "कडी?" कडीपण नको. "मग हा डबा कशाचा?" कोथरूड म्हणाला, "चाचा, आकाशातला हायड्रोजन भरायचाय." चाचा म्हणाले, "गॅसचं काम मी नाही करत."

समजूत काढण्यात अर्धा तास गेला. डबा ३५० रुपये. एक सूचना: आतलं माप हवं असं लिहूनच द्या. पत्रा दुमडून शिवण घातली की आतली जागा कमी होते. आमचा पहिला डबा बाहेरून पावणेसात निघाला आणि चाचांनी पैसे न घेता दुसरा वळून दिला.

तार कुठे बसवायची त्याचं गणित: मोकळ्या हवेत लाट २१.१ सेंटिमीटरची असली तरी १७ सेंटिमीटरच्या डब्यात ती ताणून सुमारे २७ होते. तिचा पाव भाग म्हणजे ६.७. बंद टोकापासून तेवढ्या अंतरावर भोक. तार मात्र मोकळ्या हवेतल्या लाटेच्या पावपटीजवळ, ५.२ सेंटिमीटर.

५ जानेवारी

पासोड्या विठोबाच्या आसपासच्या दुकानांतून कनेक्टर आणि केबल मिळाली. आरटीएल-एसडीआर हा यूएसबीवर चालणारा रिसीव्हर ऑनलाइन मागवला, चार हजारांच्या आत आला. फिल्टर असलेला एलएनए, म्हणजे तारेजवळच सिग्नल वाढवणारा ॲम्प्लिफायर, परदेशातून येणार. तो कस्टममध्ये अडकलाय. थांबायला नको म्हणून आम्ही सातशे रुपयांचा साधा, फिल्टर नसलेला एलएनए घेतला. चिपळूणने तेव्हाच मान हलवली होती. ती कमी बोलते आणि आम्ही त्याचा सोयीचा अर्थ काढतो.

११ जानेवारी

हॉर्न. आठ बाय चार फुटांचा सनबोर्ड, म्हणजे फोमचा हलका बोर्ड, दुचाकीवरून येत नाही. कोथरूडने आणून बघितला, लक्ष्मी रस्त्यावर वाऱ्याने तो स्वतःच आडवा झाला. शेवटी टेम्पो. सनबोर्ड अकराशे, टेम्पो चारशे, पोलिसाने काही घेतलं नाही.

चार पाकळ्या कापल्या. तोंड ७५ बाय ६० सेंटिमीटर. आतून एसी डक्टवाले वापरतात ती ॲल्युमिनियम टेप, तीन रोल. टेप चिकटवण्याचं काम नांदेड आणि माझ्याकडे. सुरकुत्या पडत होत्या, आणि सांगली प्रत्येक सुरकुतीवर उसासे टाकत होता. मी त्याला गावाकडचं सांगितलं. खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या तीस तबकड्या आहेत, एकेक ४५ मीटरची, आणि त्या पत्र्याच्या नाहीत, स्टीलच्या बारीक तारेच्या जाळीच्या आहेत. शाळेच्या सहलीत आम्हाला वाटलं होतं की काम अर्धवट राहिलंय. जाळीची भोकं लाटेपेक्षा खूप लहान असली की लाटेला ती दिसतच नाहीत. ती उभारणारे शास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी याच जोरावर एवढ्या मोठ्या तबकड्या हलक्या आणि स्वस्त करून दाखवल्या. तिथे जाळी चालते, तर आपल्या दोन मिलिमीटरच्या सुरकुतीला कोण विचारतंय?

सांगलीला पटलं. पण त्याने एक खरी अडचण दाखवली. टेपचा गोंद वीज वाहून नेत नाही. हॉर्न आणि डबा जिथे जुळतात तिथे टेपवर टेप चिकटवून उपयोग नाही, धातूला धातू लागला पाहिजे. तिथे पाकळ्यांवरची टेप दुमडून बाहेर काढली आणि पत्र्यावर स्क्रूने दाबली. नांदेडने एकोणीस वर्षांच्या उत्साहाने सगळे स्क्रू पिळून सनबोर्ड चिरडला. मग स्क्रूखाली पत्र्याच्या पट्ट्या घातल्या.

१५ जानेवारी

गच्चीची परवानगी आली. हॉस्टेलचे सुरक्षारक्षक काका किल्ली घेऊन वर आले आणि खालीच गेले नाहीत. "हे काय ऐकणार?" हायड्रोजन. "तो बोलतो?"

पहिली चाचणी फसली. स्क्रीनवर सपाट गवत, म्हणजे नुसता गोंगाट. मॅडमना फोन केला. त्या एवढंच म्हणाल्या, "जमिनीकडे तोंड केलंत का?" आकाश थंड असतं, जमीन गरम. हॉर्न जमिनीकडे वळवला की रिसीव्हरमधला गोंगाट चांगला चढायला हवा. हॉर्न उलटा धरला, काहीही फरक नाही. म्हणजे हायड्रोजन सोडाच, पायाखालची गच्चीसुद्धा आम्हाला ऐकू येत नव्हती.

ज्याला कुणाला हे करायचंय त्याने ही चाचणी सगळ्यात आधी करावी. दोन मिनिटांचं काम आहे आणि आकाशात कुठे बघायचं वगैरे भानगड नाही.

१८ जानेवारी

चिपळूणने दोन दिवस घेतले आणि दोन गोष्टी काढल्या. एक: कनेक्टरच्या मधल्या पिनेला जोडलेली तार सोल्डरच्या थेंबाने बाहेरच्या कड्याला चिकटली होती. शॉर्ट. तिचंच सोल्डरिंग, तिने स्वतःच भिंगातून शोधलं आणि कुणालाही न सांगता बदललं. मला कळलं ते तिच्या वहीत तारीख होती म्हणून. दोन: समोरच्या इमारतीवर मोबाइलचा टॉवर आहे. फिल्टर नसलेला एलएनए त्या दणक्याने पार गुदमरून जातो. हायड्रोजनच्या आसपासचा पट्टा, १४०० ते १४२७ मेगाहर्ट्झ, जगभर रेडिओ खगोलशास्त्रासाठी राखीव आहे, तिथे कुणी प्रक्षेपण करायचं नाही. पण साध्या एलएनएला कुठला पट्टा राखीव आणि कुठला नाही याच्याशी घेणंदेणं नसतं, तो सगळंच आत घेतो.

सातशे रुपये पाण्यात. तिने मान हलवली होती, ती आता सगळ्यांना आठवली. फिल्टरवाला एलएनए कस्टममधून सुटला, ४,६०० अधिक वरचा भुर्दंड. तो डब्याला चिकटूनच बसवायचा. मध्ये केबल आली की कमकुवत सिग्नल वाढण्याआधीच त्यात मुरतो.

बसवला. जमीन: गोंगाट वर. आकाश: खाली. काकांनी स्वतः हॉर्नसमोर उभं राहून बघितलं, रेघ चढली. "म्हणजे मी पण ऐकू येतो." हो काका.

२३ जानेवारी

मिळाली! रात्री साडेदहाला बरोब्बर हायड्रोजनच्या जागी, १४२०.४०५ मेगाहर्ट्झवर, सुईसारखी रेघ. सांगलीने फोटो काढला, ग्रुपवर टाकला, घरी फोन केला. कोथरूडच्या आईने सकाळी साबुदाण्याची खिचडी पाठवली.

अकोला तेवढी गप्प होती. "हे काहून एवढं बरोबर आलं?" म्हणाली. सगळे तिच्यावर तुटून पडले: बरोबर आलं तरी तुला त्रास!

२५ जानेवारी

मॅडमनी फोटो बघितला. "सेंटर फ्रीक्वेन्सी किती ठेवली होती?" म्हणजे रिसीव्हर ऐकतो त्या पट्ट्याचा मध्य. १४२०.४०५. "ती बदला." अर्धा मेगाहर्ट्झ बाजूला सरकवली, तर सुईही तेवढीच सरकली. म्हणजे ती आकाशातली नव्हतीच. अशा स्वस्त रिसीव्हरमध्ये पट्ट्याच्या बरोबर मध्यभागी स्वतःचीच एक खोटी रेघ असते. आम्ही नेमकी हायड्रोजनची जागा मध्यभागी ठेवली आणि रिसीव्हरचीच सही हायड्रोजनची समजून बसलो.

ग्रुपवरचा फोटो सांगलीने डिलीट केला, पण खिचडी काही परत देता येत नव्हती.

अकोलाने त्यानंतर हिशेब करून दाखवला. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला ३० किलोमीटरने पळते. सूर्य स्वतः शेजारच्या ताऱ्यांच्या मानाने वेगळ्याच दिशेला चाललाय. आपण हायड्रोजनपासून दूर जात असलो की रेषा खालच्या फ्रीक्वेन्सीकडे सरकते, सेकंदाला एका किलोमीटरच्या वेगामागे ४.७ किलोहर्ट्झ. फेब्रुवारीच्या मध्यात आम्ही ज्या भागाकडे, मिथुन-मृगाच्या सीमेकडे, बघणार तिथून पृथ्वी आणि सूर्य दोघंही दूर जात असतात. सगळं मिळून सेकंदाला ३५-३७ किलोमीटर. "म्हणजे खरी असंल तं ती १४२०.२३ च्या आसपास दिसंल. १४२०.४०५ वर दिसली तं समजायचं, काहीतरी गडबड हाये."

ही आमची कॉम्प्युटरवाली. भौतिकशास्त्राची मंडळी खिचडी खात होती.

३१ जानेवारी

नवी सेटिंग: मध्य १४२०.९ वर, म्हणजे खोटी सुई एका बाजूला राहते आणि आम्हाला हवा तो भाग मोकळा. पायथनमध्ये अकोलाने हजारो स्पेक्ट्रमची सरासरी काढणारा प्रोग्रॅम लिहिला. रिसीव्हरचा स्वतःचा उंचसखल आकार वजा करायला आकाशाच्या हायड्रोजन कमी असलेल्या भागाकडे बघून एक संदर्भ घ्यायचा. हॉर्न सरळ डोक्यावर रोखून ठेवायचा, हलवायचा नाही. पृथ्वी फिरते, आकाश आपोआप समोरून जातं.

पण आलेख दातऱ्या करवतीसारखा. दर काही किलोहर्ट्झवर एक दात. संध्याकाळी सात ते पहाटेपर्यंत, दिवसा नाही. सांगलीने उपग्रह म्हटलं, कोथरूडने मेट्रो म्हटलं. मी शेजारच्या इमारतीतल्या इन्व्हर्टरवर पैज लावली. दोन रात्री यात गेल्या.

२ फेब्रुवारी

नांदेडने शोधलं. तो काकांबरोबर चहा प्यायला खाली गेला होता, वर येताना जिन्यातला एलईडी दिवा काकांनी घालवला आणि वर अकोला ओरडली, "आता काय केलं बे?" करवत गायब. जिन्याच्या दिव्याचा ड्रायव्हर, म्हणजे त्याला वीज पुरवणारं सर्किट. काकांच्या ड्युटीनुसार तो सातला लागतो आणि पहाटे बंद होतो.

काकांनी जिन्यात टॉर्च वापरायचं कबूल केलं, रात्री साडेदहापर्यंत. लॅपटॉपही चार्जर काढून बॅटरीवरच. चार्जर लावला की छोटी करवत परत येते.

अर्जात नांदेडपुढे 'साहाय्यक' लिहिलं होतं. आज खोडलं.

१३ फेब्रुवारी

साडेआठपासून सगळे वर, शाली-स्वेटर घालून. पुण्यात आकाशगंगेचं प्रतल, म्हणजे तारे आणि हायड्रोजन जिथे दाटलेत तो तिचा चपटा पट्टा, या दिवसांत सव्वानऊच्या सुमाराला डोक्यावरून जातं. हॉर्नची नजर रुंद आहे, सुमारे वीस अंश, त्यामुळे ठरावीक मिनिटाला काही उगवत नाही. आठ चाळीसला अकोलाच्या आलेखात एक फुगवटा जाणवायला लागला, जाणवतोय असं फक्त तिला वाटत होतं. नऊपर्यंत सगळ्यांना दिसला. सुई नव्हे, रुंद टेकाड. शिखर १४२०.२३ च्या अगदी जवळ.

कुणी ओरडलं नाही. खिचडीची आठवण ताजी होती. सांगलीने सेंटर फ्रीक्वेन्सी बदलली, टेकाड जागचं हललं नाही. मी ओल्या पोत्यासारखं काहीतरी हॉर्नवर टाकायचं सुचवलं, चिपळूणने सरळ तोंडावर सनबोर्डचा टेप लावलेला तुकडा ठेवला. टेकाड गेलं. काढला, आलं. अकराच्या आत उतरायला लागलं.

मॅडमना आलेख पाठवला. उत्तर: "उद्या चार मिनिटं आधी येते का बघा."

२० फेब्रुवारी

तारे रोज चार मिनिटं लवकर उगवतात. वस्तू आकाशातली असेल तर तिनेही तेच केलं पाहिजे. हॉस्टेलमधली कुठलीही वस्तू घड्याळाने चालते, ताऱ्यांनी नाही. एका रात्रीची चार मिनिटं आमच्या रुंद नजरेत दिसणार नाहीत, म्हणून आठवडाभर थांबलो. चढ आणि उतार यांचा मध्य कोथरूडने काढला. (एवढे दिवस तो संख्याशास्त्राचा आहे हे आम्ही विसरूनच गेलो होतो. खरेदीवाला म्हणून तो इतका चांगला होता.) मध्य अठ्ठावीस मिनिटांच्या आसपास अलीकडे सरकलाय. त्याने त्रुटीची मर्यादाही लिहून दिली आणि ती मोठी आहे असं स्वतःच लाल शाईने लिहिलं.

आता ओरडलो. काका टॉर्च घेऊन धावत वर आले.

२४ फेब्रुवारी

पोस्टर. शंभर शब्दांवरून आज पहिल्यांदा खरं भांडण झालं, एलएनएवरून झालं नव्हतं तेवढं.

सांगलीचं म्हणणं, नाव-वर्ष-विभाग एवढंच टाकू, सगळे तसंच टाकतात. माझं म्हणणं, तसं टाकलं तर अकोला कॉम्प्युटरवाली आणि तो भौतिकवाला एवढंच कळेल. खोट्या सुईवर शंका कुणी घेतली ते कळणार नाही. चिपळूण म्हणाली, कुणी काय केलं ते लिहायचं तर कुणी काय बिघडवलं तेही लिहा. तिने स्वतःपासून सुरुवात केली: 'कनेक्टर शॉर्ट केला, कनेक्टर दुरुस्त केला.' मग सगळ्यांना आपापली ओळ सुचली. सांगली: 'डब्याचं गणित बरोबर, वेळ चुकीची.' नांदेड: 'सनबोर्ड चिरडला, करवत शोधली.' कोथरूडने स्वतःसाठी 'टेम्पो' एवढंच मागितलं होतं, आम्ही 'आणि अठ्ठावीस मिनिटं' जोडलं. माझ्यापुढे 'टेप, सुरकुत्या, शब्द'.

काकांचं नाव घ्यायचं का? सगळे हो म्हणाले, तर काका नाही म्हणाले. वरचे साहेब विचारतील, जिन्यात अंधार का होता. तेव्हा 'जिन्यातल्या टॉर्चचे आभार' असं छापलंय. बोहरी आळीतल्या चाचांना कोथरूडने विचारलं. "नाव कशाला? दुकानाचा पत्ता टाक, गिऱ्हाईक येईल." अर्जाच्या नियमात जाहिरात बसत नाही, त्यामुळे पत्ता राहिला.

मॅडम म्हणाल्या, मी काहीच केलं नाही, मला वगळा. त्यांच्या फोटोखाली त्यांचे तीन प्रश्न छापले: जमिनीकडे तोंड केलंत का? सेंटर फ्रीक्वेन्सी किती होती? उद्या चार मिनिटं आधी येते का?

शब्द झाले एकशे चाळीस. फॉन्ट लहान केला. छपाई ४५० रुपये, एकदा 'हायड्रोजन'चा जोडाक्षर तुटून आला म्हणून पुन्हा ४५०.

एकूण खर्च साधारण साडेतेरा हजार. त्यात एलएनए आणि रिसीव्हर मिळून नऊ हजारांच्या आसपास. वर्गणी अकरा हजार जमली होती, वरचे सध्या कोथरूडने घातलेत आणि तो त्याची रोज आठवण करून देतो. वाया गेलेलं वजा केलं, म्हणजे साधा एलएनए, दुसरी छपाई, चिरडलेल्या पाकळीचा सनबोर्ड, तर बारा हजारांत होऊ शकतं.

१ मार्च

प्रदर्शन झालं. लोक आलेखापेक्षा परिचयापाशी जास्त थांबले. एका शाळेतल्या मुलांनी 'कनेक्टर शॉर्ट केला' वाचून चिपळूणला शोधून काढलं आणि शॉर्ट म्हणजे काय ते विचारलं. जी दहा वाक्यं एका दमात बोलत नाही ती वीस मिनिटं भिंग घेऊन बोलत होती. एक काका परिचय वाचून म्हणाले, एवढं बिघडवलं तर मार्क कसे मिळणार? सांगलीने त्यांना हॉर्न जमिनीकडे करून दाखवला.

एक आजोबा मला म्हणाले, "नारायणगाव म्हणजे जीएमआरटीवाले का?" म्हटलं, हो, तिथेच लहानाचा मोठा झालो, पण हायड्रोजन मी पहिल्यांदा इथे हॉस्टेलच्या गच्चीवर बघितला.

७ मार्च

पुढचं ठरवायला बैठक. आता संध्याकाळी हे प्रतल लवकर डोक्यावर येत चाललंय, पण हा पट्टा दिवसाही बघता येतो, सूर्य नजरेत नसला म्हणजे झालं. नांदेडला दर महिन्याला तीच जागा बघायची आहे. पृथ्वी वर्षभरात उलट बाजूला वळली की रेषा १४२०.२३ वरून वर सरकत जायला हवी. ती मापली तर पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे हॉस्टेलच्या गच्चीवरून सिद्ध होतं. अकोला म्हणाली, "मंग त्याचं कोड तूच लिही, मी शिकवते." तो हो म्हणाला आणि नंतर मला विचारलं, "दादा, पायथन अवघड आहे का?"

हंसाच्या बाजूचं प्रतल बघायचं तर सध्या सकाळी सव्वानऊच्या सुमाराला गच्चीवर हजर राहावं लागेल. त्यासाठी कुणीही हात वर केला नाही. सांगलीचं हे शेवटचं सत्र, तो जुलैत नसेल. डब्याच्या गणिताची त्याची वही नांदेडने झेरॉक्स करून घेतली.

सनबोर्डचे कोपरे दवाने फुगलेत, टेप दोन ठिकाणी सुटलीय. वर्षभर मोजायचं तर पावसाळा मध्ये येणार, आणि चिपळूणचा डिसेंबरातला प्रश्न अजून तसाच आहे. कोथरूड म्हणतो, त्याच्या ओळखीचा एक जण फायबरच्या पाण्याच्या टाक्या करतो, फायबरमधून या लाटा जातात, हॉर्नवर तसं एक झाकण करून घेऊ. भाव विचारायला तो शनिवारी जाणार आहे. आतलं माप लिहून न्यायला सांगितलंय.